बांधावरचा साग आज विकावा की ठेवावा?

प्रश्न : आमची उमरेड तालुक्यात साडेचार एकर कोरडवाहू शेती आहे. सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस होतो. मी नागपुरात खासगी नोकरी करतो. बाबांनी २००७ च्या पावसाळ्यात बांधावर साग लावला, त्यातली ६० झाडे आज उभी आहेत. त्याच वर्षी नाल्याकडच्या अर्ध्या एकरात, जिथे रानडुकरांमुळे पीक हाती लागत नव्हते, तिथे दोन-दोन मीटरवर साग लावला. तिथे सुमारे ४०० झाडे आहेत. बांधावरच्या झाडांची गोलाई छातीच्या उंचीला २८ ते ३२ इंच आणि आतल्या तुकड्यातल्या झाडांची १४ ते १८ इंच भरते. एका ठेकेदाराने सगळी झाडे उभीच, उक्त्या सौद्यात ४ लाखांना मागितली आहेत. परवानगी, तोड आणि वाहतूक तोच पाहणार आहे. मला बेसा भागात फ्लॅट घ्यायचा आहे आणि सुरुवातीच्या रकमेसाठी हे पैसे उपयोगी पडतील. बाबा मात्र ‘गोलाई भरू दे, मग बघू’ एवढेच म्हणतात. १८ वर्षे थांबून झाले. अजून किती थांबायचे? यात काही हिशेब आहे की हा नुसता हट्ट आहे?

उत्तर : तुमच्या बाबांच्या बोलण्यात हिशेब आहे, आणि तो बराचसा बरोबर आहे. त्यांनी तो कागदावर मांडलेला नाही, म्हणून तो तुम्हाला हट्टासारखा वाटतो. मात्र हा हिशेब बांधावरच्या ६० झाडांना जसा लागू पडतो तसा आतल्या ४०० झाडांना लागू पडत नाही. ठेकेदाराने दोन्ही एकाच रकमेत बांधून मागितली, यातच त्या सौद्याची खरी अडचण आहे. तेव्हा आधी बांधावरच्या झाडांचे पाहू.

लाकडाच्या बाजारात गोल लाकूड मोजण्याची जुनी रीत अशी आहे की ओंडक्याच्या मध्यावरची गोलाई इंचात घ्यायची, तिला चारने भागायचे, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला फुटांतल्या लांबीने गुणायचे आणि १४४ ने भागायचे, म्हणजे घनफूट निघतात. आता १२ फूट लांबीचे तीन ओंडके डोळ्यांपुढे आणा. २४ इंच गोलाईच्या ओंडक्यात ३ घनफूट लाकूड भरते, ३६ इंचाच्या ओंडक्यात पावणेसात घनफूट आणि ४८ इंचाच्या ओंडक्यात १२ घनफूट. गोलाई दुप्पट झाली की लाकूड चौपट होते. ‘गोलाई भरू दे’ या तीन शब्दांत बाबा जे सांगत आहेत ते हेच आहे. झाड झपाट्याने उंच होण्याचे दिवस आता मागे पडले आहेत, इथून पुढची कमाई मुख्यतः जाडीची आहे. (तुम्ही छातीच्या उंचीला मोजलेली गोलाई सालीसकटची आहे, ओंडक्याच्या मध्यावर, साल वगळून, ती काही इंचांनी कमीच येणार, हे गृहीत धरून चाला.)

घनफुटांइतकीच महत्त्वाची गोष्ट लाकडाच्या आत आहे. तुम्ही नागपुरातच आहात, तर सुटीच्या दिवशी लकडगंजमधल्या एखाद्या आरागिरणीवर जा आणि शेतातून आलेल्या कोवळ्या सागाच्या ओंडक्याचे कापलेले तोंड पाहा. मध्ये तपकिरी, तेलकट झाक असलेला गाभा दिसेल आणि त्याच्याभोवती फिक्या, पांढुरक्या लाकडाचे कडे दिसेल. सागाची जी ख्याती आहे, म्हणजे वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही, चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ती सगळी त्या गाभ्याची आहे. पांढऱ्या लाकडाला किडा लागतो, म्हणून चांगला सुतार ते तासून टाकतो. समजा, हे पांढरे कडे सगळीकडून दीड इंचाचे आहे. २४ इंच गोलाईच्या ओंडक्याचा व्यास साधारण ७.६ इंच असतो; दोन्ही बाजूंचे मिळून ३ इंच गेले की गाभा ४.६ इंचाचा उरतो, म्हणजे एकूण लाकडाच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक. ४८ इंच गोलाईच्या ओंडक्यात तेवढेच कडे वजा केले तर गाभा जवळजवळ दोन तृतीयांश भरतो. म्हणजे एकूण लाकूड चौपट होत असताना पक्के, विकण्याजोगे लाकूड सातपटीच्या आसपास जाते. वनखात्याच्या आगारांत लिलावासाठी सागाचे थर लावताना लांबी आणि गोलाईप्रमाणे वेगवेगळे वर्ग पाडतात, आणि जाड वर्गाचा घनफुटाचा दर पातळ वर्गापेक्षा चढा असतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे. बारीक झाड बल्लीच्या, म्हणजे बारीक गोल खांबाच्या भावाने जाते, जाड झाड फळीच्या भावाने जाते.

आता व्याजाशी तुलना करू, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. बांधावरचे झाड आज सरासरी ३० इंचांचे धरू आणि इथून पुढे ते वर्षाला एक इंच भरते असे समजू. कोरडवाहू जमिनीत, ओळीने मोकळ्या उभ्या असलेल्या निरोगी झाडासाठी हा अंदाज अवाजवी नाही, पण तुमच्या मातीत तो खरा ठरतो का हे फीत लावूनच कळेल. ६ वर्षांनी गोलाई ३६ इंच होईल आणि लाकूड ४४ टक्क्यांनी वाढेल, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. गाभ्याचे वाढणारे प्रमाण, वरच्या वर्गाचा दर आणि लाकडाच्या भावात एकूण होणारी वाढ यांची भर त्यावर वेगळी पडते. त्यापुढच्या ६ वर्षांत, म्हणजे ३६ वरून ४२ इंचांवर जाताना, लाकडाची वाढ वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या जवळ येते, आणि ५४ वरून ६० इंचांवर जाताना ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरते. झाड वाढतच असते, पण आधीच्या साठ्याच्या मानाने वाढीचा वेग मंदावत जातो. म्हणून ‘कायम थांबा’ असे कोणताही हिशेब सांगत नाही.

मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ मध्ये या प्रश्नाची जी मांडणी केली, ती आजही जगभर शिकवली जाते. उभ्या झाडांच्या किमतीत वर्षाला होणारी वाढ एका पारड्यात ठेवायची. दुसऱ्या पारड्यात झाडे विकून आलेल्या पैशावरचे व्याज आणि ती जमीन अडून राहिल्यामुळे बुडणारे उत्पन्न, अशा दोन गोष्टी ठेवायच्या. दुसरे पारडे जड होईल त्या वर्षी तोड करायची. लहान शेतकरी मोठ्या कंपनीपेक्षा जास्त वर्षे का थांबतो, याचे पहिले उत्तर या मांडणीतच आहे. कंपनी जमीन विकत किंवा भाड्याने घेऊन लागवड करते, तिच्या जमिनीचे भाडे दर वर्षी चालू असते. तुमच्या बांधाला भाडे नाही. तिथे दुसरे काही पेरले जात नव्हते आणि झाडे तोडली तरी पेरले जाणार नाही. सावलीमुळे आणि मुळांमुळे बांधालगतच्या सोयाबीनच्या दोन-तीन ओळी मार खातात, एवढीच काय ती किंमत. आणि ती गेली अनेक वर्षे तुमचे घर सोसतच आले आहे.

याला आपल्या भागातली आणखी दोन कारणे जोडली पाहिजेत. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले, पण त्या पट्ट्यातला रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा त्रास त्याआधीपासूनचा आहे, आणि तुमच्या पत्रात तो आलेलाच आहे. ज्या तुकड्यात हरभरा टिकत नाही तिथे साग टिकतो, कारण कोवळी रोपे एकदा वर निघाली की रानडुकराला त्यात खाण्यासारखे काही नसते. दुसरे कारण मजुरीचे आहे. मुलगा नागपुरात, आई-वडील वयाने वाढलेले आणि सोंगणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, अशा घराला निंदण-फवारणी न मागणारे पीक हवे असते. असे पीक आणखी पाच वर्षे उभे राहिले म्हणून घरावर कष्टाचा बोजा वाढत नाही. तुमच्या बाबांच्या दृष्टीने थांबण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. तुमच्या दृष्टीने तो फ्लॅटच्या वाढत्या किमतीएवढा आहे. तुमच्या दोघांतला मतभेद इथे आहे, आणि तो समजूतदारपणा विरुद्ध हट्ट असा नाही, हे आधी मान्य करा.

मग कायद्याचा भाग येतो. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरची झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा १९६४ चा आहे आणि त्याच्या अनुसूचीत साग आहे. त्यामुळे झाड स्वतः लावलेले असले तरी तोडीची परवानगी घ्यावी लागते आणि लाकूड हलवण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. विदर्भात याला ‘मालकी प्रकरण’ म्हणतात. सातबारा, नकाशा, हद्दीची खात्री, झाडांची मोजणी आणि खुणा, तोडीनंतर मालाची पुन्हा मोजणी आणि हातोड्याचा शिक्का, असा तो रस्ता आहे. (जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो, वाचकांपैकी ज्यांना तो लागू आहे त्यांनी त्याच मार्गाने जावे.) या सगळ्याला लागणारा वेळ आणि हेलपाटे ६ झाडांना जेवढे, जवळपास तेवढेच ६० झाडांना. तोडीचा ठरावीक खर्च मोठा असेल तर माणूस वारंवार आणि थोडी-थोडी तोड करत नाही. तो झाडे जाड होऊ देतो आणि एकदाच प्रकरण करतो. बाबा हे बोलून दाखवत नसतील, पण गावातल्या कोणाचे तरी प्रकरण कसे रखडले हे त्यांनी नक्की पाहिलेले असणार.

याच ठिकाणी आपल्याकडची एक मोठी उणीव उघडी पडते : गरज पडेल तेव्हा मोजकीच झाडे सहज विकता येत नाहीत, आणि तिचा त्रास सर्वांत लहान शेतकऱ्याला सर्वांत जास्त होतो. इंडोनेशियातल्या जावा बेटावर गुनुंग किदुल नावाचा कोरडवाहू, खडकाळ जिल्हा आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या शेताच्या कडेला आणि परसात साग आहे, आणि तिथली रीत अशी की मुलांची फी, आजारपण किंवा लग्न आले की लागतील तेवढीच झाडे विकायची, बाकीची तशीच ठेवायची. झाडे किती वर्षांची झाली हे तिथे तोडीचा दिवस ठरवत नाही, घराची गरज ठरवते. व्हिएतनाममध्येही चित्र तेच आहे. तिथले हजारो लहान शेतकरी अकेशिया लावतात आणि बरेच जण ती ५-७ वर्षांतच कागदाच्या लगद्यासाठी लागणाऱ्या चिपांच्या भावाने विकून टाकतात. झाडे १० वर्षांच्या पुढे नेली तर फर्निचरच्या लाकडाचा चढा भाव मिळतो हे ठाऊक असूनही विकतात. त्यामागे हातात रोकड नसणे आणि मध्य किनाऱ्यावरच्या वादळांत उभे झाड आडवे होण्याची धास्ती ही दोन मोठी कारणे आहेत. जो थांबू शकतो त्याच्या घरात दुसरीकडून पैसा येत असतो. ज्याच्याकडे तो येत नाही, त्याला झाडाचा हिशेब कितीही कळला तरी थांबता येत नाही.

आता हे तुमच्या घराला लावून पाहा. तुमचे बाबा ‘मग बघू’ म्हणू शकतात, कारण तुमचा पगार सुरू झाला आहे. मागच्या काही वर्षांत बियाणे, खत किंवा दवाखाना यांसाठी तुम्ही जे पैसे घरी दिले असतील, त्यांनी बांधावरचा एकेक साग राखला आहे. बाबांशी बोलताना हे मनात ठेवा. ही झाडे त्यांनी लावली हे खरे. ती आजवर उभी राहण्यात तुमचाही वाटा आहे, आणि म्हणून तोडीच्या निर्णयात तुमचे म्हणणे ऐकले जावे ही तुमची अपेक्षा रास्त आहे. त्यांनी वर्ष किंवा गोलाई ठरवून सांगायला हवी. ‘मग बघू’ हे उत्तर पुरेसे नाही.

थांबणे चुकीचे कधी ठरते, तेही स्पष्ट लिहितो. घरावर सावकाराचे किंवा भिशीचे महिना दोन-तीन टक्क्यांचे कर्ज असेल तर उद्याच झाडे विका. लाकूड त्या वेगाने कधीच वाढत नाही. पण बँकेच्या पीककर्जाच्या भरवशावर शेती चालत असेल आणि ते वेळेवर फिटत असेल तर त्यासाठी झाड तोडण्याचे कारण नाही, कारण ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजाचा भार राहत नाही. नाल्याकाठी पाणी साचून मुळे कुजत असतील, खोडात पोखर दिसत असेल, शेंडा वाळला असेल, तर ते झाड थांबून जाड होणार नाही, ते खराब होणार आहे. चोरीचा धोका जाडीबरोबर वाढतो, हेही खरे. गावापासून दूरच्या शेतातला ४० इंचांचा साग एका रात्रीत जाऊ शकतो. उन्हाळ्यात धुऱ्यावर पेटवलेला पालापाचोळा खोडाला चाटून गेला तर सालीखाली जखम होते आणि पुढे ओंडका तिथेच पोकळ निघतो, म्हणून दर वर्षी होळीच्या आधी झाडांच्या बुडाशी पडलेली पाने ओढून घेण्याचे काम चुकवू नका. पावसाळ्यात अळीने पाने चाळणीसारखी केली तर मात्र घाबरून विकायला काढू नका; त्या वर्षीची वाढ थोडी कमी होते, झाड सहसा मरत नाही.

आणखी एका मोहापासून सांभाळा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला तेव्हापासून ‘चंद्रपूर साग’ हे नाव घरोघरी झाले, आणि आपल्या बांधावरच्या झाडालाही तोच दर मिळेल असे अनेकांना वाटू लागले. ते लाकूड जंगलातले, अनेक दशके सावकाश भरलेले होते. वनखात्याच्या जुन्या कार्य आयोजनांत सागाचे तोडीचे चक्र साधारण ६० ते ८० वर्षांचे धरलेले असे. १८ किंवा २५ वर्षांच्या शेतसागाची तुलना त्याच्याशी करून स्वप्ने पाहू नयेत. १९९० च्या दशकात सागाच्या लागवडीतून अफाट परतावा देण्याच्या जाहिरातींना भुलून किती मध्यमवर्गीय कुटुंबांनी पैसे घालवले, हे तुमच्या वडिलधाऱ्यांना आठवत असेल. माझा सल्ला साध्या बाजारभावावर उभा आहे.

आता अर्ध्या एकराकडे येतो, कारण तिथे बाबांशी माझा मतभेद आहे. दोन-दोन मीटरवरची लागवड म्हणजे एकराला १००० झाडे, अर्ध्या एकरात ५००. त्यातली ४०० अजून उभी आहेत म्हणजे तिथे विरळणी कधी झालीच नाही. बांधावर त्याच वर्षी लावलेला साग ३० इंचांवर गेला आणि इथला १६ वर अडकला, याचे कारण मातीपेक्षा गर्दी हे असावे. या तुकड्यात नुसते थांबून काही मिळणार नाही. शेंडे एकमेकांत अडकले आहेत, उजेड आणि पाणी ४०० जणांत वाटले जाते आहे, आणि आणखी ८ वर्षे अशीच गेली तरी त्या झाडांच्या बल्ल्याच होतील, ओंडके होणार नाहीत. पहिली विरळणी लागवडीनंतर ५-६ वर्षांतच व्हायला हवी होती. ती आता करा, पण एका दमात नको. वाकडी, दुबेळकी, दबलेली आणि शेंडा मेलेली झाडे आधी खुणावून साधारण एक तृतीयांश काढा. उरलेल्यांचे शेंडे रुंदावले की ३-४ वर्षांनी दुसरी विरळणी करून शंभर-सव्वाशे सरळ, निरोगी झाडे ठेवा. एकदम मोकळे केले तर इतकी वर्षे सावलीत वाढलेल्या खोडांवर जागोजागी फुटवे येतात, त्यांच्या गाठी पुढे फळीत उतरतात, आणि उंच-बारीक झाडे वादळात वाकतात. तोड हिवाळ्याच्या शेवटी किंवा उन्हाळ्यात, पावसाच्या आधी करा. बुंधा जमिनीलगत, तिरपा आणि गुळगुळीत कापा. सागाचा खुंट पुन्हा फुटतो, आणि जिथे मोकळी जागा पडली आहे तिथे एकच जोमदार फुटवा राखला तर रोपाचा खर्च न करता पुढची पिढी सुरू होते.

या बल्ल्यांना मंडप, गोठे आणि छपरांच्या कामासाठी मागणी असते. त्यातून तुमच्या सुरुवातीच्या रकमेचा काही भाग निघेल, सगळा निघणार नाही. उरलेल्यासाठी बांधावरची झाडे विकावीत का, याचे उत्तर तुमच्या गृहकर्जाच्या दरावर आहे. बँक जो दर सांगेल तो कागदावर लिहा. त्याच्या शेजारी सव्वासहा टक्के लाकडाची वाढ आणि तिच्यावर गोलाईचा वर्ग बदलल्याने मिळणारा फरक लिहा. ३० वरून ३६ इंचांवर जाण्याच्या या ६ वर्षांत झाडांचे पारडे जड राहील, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून त्या रकमेपुरते थोडे जास्त कर्ज घेणे, किंवा फ्लॅट एखाद-दोन वर्षे पुढे ढकलणे, हे बांध मोकळा करण्यापेक्षा चांगले. ४२ इंचांनंतर मात्र बाबांनीही आपला हात सैल करावा. तिथून पुढे वाढीचा वेग उतरतो, चोरीचा धोका चढतो, आणि घराची गरज त्याहून मोठी असू शकते.

बाबांच्या वयाचा मुद्दा पत्रात आलेला नाही. तो नाजूक आहे, तरी त्यावर मोकळेपणाने बोला. सातबाऱ्यावर आज त्यांचे एकट्याचे नाव असेल तर मालकी प्रकरण तुलनेने सरळ जाते. उद्या वारसांची नावे चढली आणि आई-भावंडांची संमती लागू लागली की तेच प्रकरण अवघड होते. घरात वाद नसला तरी सह्या गोळा करण्यात वर्ष जाते. झाडे तुम्हा भावंडांसाठी राखायची असतील तर ती कोणाच्या वाट्याला कोणती, हे बाबांनी हयातीतच लिहून ठेवणे त्यांच्या प्रेमाला साजेसे आहे. ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद करण्याची सोय आहे, ती या हंगामातच वापरा. सातबाऱ्यावर झाडे दिसत नसली की परवानगीच्या वेळी पहिला खोडा तिथेच बसतो. शेजाऱ्याशी हद्दीबद्दल जराही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आजच करून घ्या. बांधावरचे झाड कोणाचे, हा वाद ते १० इंचांचे असताना कोणी काढत नाही, ४० इंचांचे झाले की सगळे काढतात.

आणि ठेकेदाराचे काय? त्याला नकार देण्याची गरज नाही, पण उक्ता सौदा करू नका. येत्या रविवारी फीत आणि वही घेऊन बाबांबरोबर बांधावर फिरा, प्रत्येक झाडाला चुन्याने क्रमांक द्या, गोलाई आणि सरळ खोडाची लांबी लिहा; ६० झाडांना एक सकाळ पुरते. दर वर्षी दिवाळीनंतर तेच मोजमाप पुन्हा घेतले की वर्षाला इंच भरतो की अर्धा, हे अंदाजावर राहणार नाही, आणि ज्या झाडाची वाढ थांबली आहे ते आपोआप वेगळे निघेल. ठेकेदाराशी बोलायचे ते फक्त विरळणीच्या झाडांबद्दल, खुणावलेल्या क्रमांकांवर आणि नगाच्या दराने. बांधावरच्या झाडांचा विषय निघाला तर घनफुटाचा दर, गोलाईच्या वर्गाप्रमाणे, लेखी मागा आणि आणखी दोन व्यापाऱ्यांकडूनही मागवा. परवानगीचा अर्ज बाबांच्या नावाने वनपरिक्षेत्र कार्यालयात जाईल, त्याची पोच तुमच्याकडे राहील, आणि परवानगी हातात येईपर्यंत कोणाकडूनही इसार घेऊ नका, कारण एकदा इसार घेतला की भाव पुन्हा बोलण्याची मोकळीक तुमच्याकडे राहत नाही.